एमबीबीएसच्या पोरांना फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात बसवायला हवं की नको?

टिळकवाडीचा डॉक्टर

एमबीबीएसला फॅमिली मेडिसिन, म्हणजे फॅमिली डॉक्टरचं काम, हा स्वतंत्र विषय करावा, त्याचं पोस्टिंग, म्हणजे प्रत्यक्ष पेशंट बघत शिकायची पाळी, वॉर्डात न ठेवता दवाखान्यात ठेवावं आणि त्याची परीक्षाही घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. विरोध असेल तर जरूर लिहा, पण आधी पुरतं ऐकून घ्या.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांतच म्हटलंय की एमबीबीएस होऊन बाहेर पडणारा डॉक्टर समाजाला सगळ्यात आधी भेटणारा डॉक्टर असला पाहिजे. आणि पेशंट बघायला शिकताना आपण त्याला ठेवतो कुठं? मुख्यतः मेडिसिन, सर्जरी, गायनॅकच्या वॉर्डात. तिथं पोचेपर्यंत पेशंट दोन-तीन डॉक्टर फिरून आलेला असतो, हातात रिपोर्टांची पिशवी असते, दुखण्याला नाव पडलेलं असतं. आरोग्यसेवेचे अभ्यासक डॉ. कर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये इंग्लंड-अमेरिकेतल्या आकड्यांवरून एक हिशोब मांडला होता. १,००० प्रौढांपैकी महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही दुखतंखुपतं, २५० डॉक्टरकडे जातात, ९ दाखल होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो तो १. आपली पोरं शिकतात ती त्या एकावर. उरलेल्या २४९ जणांचं काय करायचं, ते कोण शिकवणार?

एक साधी गोष्ट सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्यात दोघांनाही शुगर. मोठ्या रुग्णालयात दोघांचे केस पेपर वेगळे, तारखा वेगळ्या. शुगर उतरेना म्हणून दोन्हीकडे डोस वाढत गेला. घरात मात्र गोळ्यांची पट्टी एकच यायची आणि दोघं ती वाटून खायची, कारण महिनाअखेरीला दुसरी परवडत नव्हती. दोघांना एकाच बाकावर बसवून विचारल्याशिवाय हे कुठल्याही तपासणीत दिसत नाही. असं विचारायला शिकवणारं पोस्टिंग आज कुठल्या वर्षाला आहे?

पीएसएमवाली मॅडम

डॉक्टर, मी पीएसएम, म्हणजे आताच्या कम्युनिटी मेडिसिन विभागातली, समाजाचं आरोग्य शिकवणारी. तुमची तळमळ पटते, उपाय पटत नाही. नवा विषय म्हणजे नवा विभाग, नवे प्राध्यापक, आणखी एक जर्नल. पोरांचा दिवस तेवढाच राहतो. कुटुंब दत्तक उपक्रम सुरू झालाच आहे. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याकडे किमान ३ कुटुंबं असतात. इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनचे १२ आठवडे आहेत. आहे ते आधी नीट राबवा.

आणि तुम्ही दवाखान्यात येणाऱ्या माणसापाशीच थांबता. माकडताप घ्या, जंगलातल्या गोचिडीच्या चाव्यानं होणारा ताप. १९५७ मध्ये तो शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत, २०१६ मध्ये दोडामार्गाकडे, म्हणजे आपल्या बेळगाव भागातल्या कणकुंबी-जांबोटीच्या उंबऱ्याशी आला. काजूच्या हंगामात तिकडं मजुरीला गेलेला माणूस तापानं फणफणत परतला तर दवाखान्यात तो एक 'व्हायरल' असतो. त्याच बागेत त्याच्या गावचे आणखी चौघं होते, हे टिपायला अख्ख्या गावाचा हिशोब ठेवणारी नजर लागते. ती नजर आमचा विभाग देतो.

टिळकवाडीचा डॉक्टर

मॅडम, उदाहरण तुमचं, पण मुद्दा माझाच सिद्ध होतोय. तो मजूर आधी कुणाकडं येतो? नाक्यावरच्या दवाखान्यात. "कामाला कुठं गेलतास?" हे तिथं विचारलं गेलं तरच तो ताप तुमच्या हिशोबात येणार.

दत्तक कुटुंबांचा उपक्रम चांगलाच आहे. पण तिथं विद्यार्थी कॉलेजच्या बसनं, ठरल्या दिवशी जातो, वजन-बीपी घेतो, फॉर्म भरतो. आजारी माणूस स्वतःच्या वेळेनं येतो आणि तो का आला हे त्यालाही धड सांगता येत नाही.

चिकोडीचा सर्जन

माझा स्पष्ट विरोध आहे. अपेंडिक्स फुटल्यावर पेशंट माझ्याकडं येतो तेव्हा त्याच्या हातावर आधीच सलाइनच्या सुया टोचल्याच्या खुणा असतात. गुडघेदुखीवर महिनोन् महिने स्टेरॉइड घेऊन चेहरा सुजलेल्या बायका येतात. हे सगळं दवाखान्यांतूनच होतं ना? शिवाय आपल्या भागातल्या बऱ्याच दवाखान्यांत बीएएमएस नाहीतर होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत. ते रात्री-अपरात्री उठतात, गाव सांभाळतात, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण विशीतल्या पोराला महिनाभर तिथं बसवलंत तर तो जे बघेल तेच उचलेल.

मला असा डॉक्टर हवा, ज्याचा हात पोटावर पडला की आत काय चाललंय ते त्याला कळतं. तो हात वॉर्डात तयार होतो. निदान चुकलं तर ऑपरेशन टेबलावर सगळ्यांसमोर उघडं पडतं. दवाखान्यात चुकलेलं निदान दुसऱ्या दवाखान्यात निघून जातं आणि पहिल्या डॉक्टरला त्याचा पत्ताच लागत नाही.

खानापूर तालुका, आरोग्य केंद्र

सर, पोट तपासायला मी वॉर्डातच शिकलो, तुमच्यासारख्यांच्या हाताखाली. पण वॉर्डातलं प्रत्येक पोट आजारीच असतं. इथं सकाळी रांगेत पोटदुखीचे पेशंट असतात, बहुतेकांना फारसं काही करावं लागत नाही आणि त्यातला एखादाच तुमच्याकडं धाडायचा असतो. तो ओळखायचा कसा? "आत्ता घरी जा, पण दुखणं उजवीकडं सरकलं, उलटी झाली की रात्रीच या, नाहीतर उद्या सकाळी परत या," असं सांगून कुणाला घरी पाठवायचं आणि कुणाला नाही, हे मला एकाही युनिटमध्ये शिकवलं नाही. मग भीतीपोटी दोनच गोष्टी होतात, सरसकट अँटिबायोटिक नाहीतर सरसकट बेळगाव. आणि जंगलातल्या वाडीवरून बेळगावला जायचं म्हणजे गाडीभाडं आणि दोघांची मजुरी बुडाली.

तुम्ही उशिरा आलेली अपेंडिक्स बघता. तुमच्यापर्यंत उगाच आलेली पोटं कधी मोजलीत का?

थर्ड इयर

मी विरोधात नाही. पण आमच्या वर्गाचं खरं सांगतो. पीजीच्या प्रवेश परीक्षेत ज्याचे प्रश्न येत नाहीत, त्या पोस्टिंगला पोरं सही करतात आणि लायब्ररीत जातात. फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी, एमडी अशा स्पेशालिस्टच्या पदव्या असतात हे माझ्या वर्गातल्या निम्म्यांना ठाऊक नाही. घरच्यांनी कर्ज काढून शिकवलंय, त्यांना मुलगा कार्डिओलॉजिस्ट हवाय.

पैशाचंही बघा. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावरून दोन्ही राज्यांत वाजलं. इकडं कर्नाटकची आयुष्मान-आरोग्य कर्नाटक योजना आहेच. पण दोन्ही योजनांचा भर दाखल करण्यावर आणि ऑपरेशनवर. एखाद्याचं बीपी दहा वर्षं आटोक्यात ठेवून त्याचा पक्षाघात टाळणाऱ्या डॉक्टरला त्यातून काय मिळतं?

निपाणीची

मी डॉक्टर नाही. माझी आई तंबाखूच्या कामावर जायची. हंगामात गरगरायचं, उलट्या व्हायच्या, की दाखल करा, सलाइन लावा, अ‍ॅसिडिटी म्हणून घरी पाठवा, असं दरवर्षी. शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिचे हात हातात घेऊन बघितले आणि विचारलं, "पानं ओली असताना हाताळतेस काय गं?" ओल्या पानांतलं निकोटिन कातडीतून अंगात जातं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे, दवानं भिजलेल्या पानांना हात लावायचा नाही, एवढंच त्यांनी सांगितलं आणि त्रास पुष्कळ कमी झाला. ते डॉक्टर आता नाहीत. त्यांच्या जागी मेडिकलचं दुकान आहे. सर्जनसाहेब, तुमच्यासारखे हवेतच. पण हे विचारणारं कोण उरलंय?

टिळकवाडीचा डॉक्टर

सर्जनसाहेबांचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, म्हणून त्यालाच उत्तर देतो. वाईट दवाखाने आहेत, मान्य. पण वाईट वॉर्ड असला म्हणून कुणी सर्जरीचं पोस्टिंग बंद करत नाही. एडिनबरा विद्यापीठानं १९६३ मध्ये जनरल प्रॅक्टिसचं प्राध्यापकपद निर्माण केलं. विद्यापीठानं जबाबदारी घेतली की दवाखान्यालाही शिस्त लागते. ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरनं वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात दवाखाना चालवत अख्ख्या गावाचं बीपी तपासलं. तो दवाखान्यातूनच शास्त्र करत होता.

म्हणून दवाखाना निवडूनच घ्यायचा. तिथं केस पेपर ठेवलेले हवेत, धाडलेल्या पेशंटचं पुढं काय झालं याची वही हवी, गरज नसताना सलाइन लागता कामा नये. मॅडमचा विभाग देखरेखीला असू दे, मला वेगळ्या पाटीचा हट्ट नाही. आणि परीक्षेत एक केस अशी असावी की विद्यार्थ्याला विचारायचं, तू यात काय केलं नाहीस आणि का?

पीएसएमवाली मॅडम

देखरेख आमची असेल तर पुढं बोलता येईल. पण दवाखान्यातल्या डॉक्टरला शिक्षक म्हणून मान्यता आणि मानधन दोन्ही लागेल. फुकटात ओपीडी सोडून कोण शिकवणार?

चिकोडीचा सर्जन

माझा विरोध अजून आहे, कारण तुमच्या अटी पाळणारे दवाखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतील आणि बाकी कॉलेजं कागदोपत्री भागवतील. पण परीक्षा घेणारच असाल तर परीक्षक म्हणून शेजारी एक सर्जन बसवा. पोरानं ज्या पोटाला घरी पाठवलं, त्याचं दुसऱ्या दिवशी काय झालं ते त्यानं वहीतून दाखवायचं. वही कोरी असेल तर मी त्याला पास करणार नाही.