तारिफाचा लेवांते आणि शिडाचं माप

झटक्याझटक्याने येणाऱ्या वाऱ्यात विंडसर्फिंगला मोठं शीड लावावं का? अजिबात नको. स्पेनमध्ये तारिफाला आम्ही चौघं मित्र लेवांते वाऱ्यात पाण्यात उतरलो होतो. हा पूर्वेचा वारा जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत (सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर!) आवळला जाऊन वेग घेतो. ५.३ चौरस मीटरचं शीड हातात टिकेना, दंड भरून आले, तळवे सोलले. शेवटी ४.२चं लावलं, खालची दोरी आणखी ताणली. शिडाची वरची कड सैल पडली आणि झटका तिथून निसटायला लागला. अटलांटिकच्या बाजूला लेवांते समुद्राकडे ढकलतो, म्हणून एकट्याने उतरू नका. आमच्यातला एकजण कायम वाळूवर, नजर पाण्यावर.