स्पोर्ट्स फिजिओचं काम दिवसभर असतं तरी काय?

प्रश्न:
फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आधी खेळायचे, गुडघा गेला आणि खेळ सुटला, तेव्हापासून डोक्यात एकच, खेळाडूंसोबत काम करायचं. घरचे म्हणतात क्लिनिक टाक, संध्याकाळी घरी येशील. बॅग घेऊन मैदानात पळायचं आणि स्प्रे मारायचा एवढंच नसणार हे कळतं, पण मग बाकी काय? जे करताय त्यांनी खरं खरं सांगा प्लीज.

प्रतिसाद १:
बारा वर्षं टीमसोबत आहे. मैदानात पळत जायचं काम अगदी थोडं, बाकी सगळं टेबलावर, जिममध्ये आणि बोलण्यात. प्रॅक्टिसच्या दीड तास आधी पोचायचं, टेपिंग करायचं, कोणाला रात्रभर काय दुखलं ते ऐकायचं, आणि सगळे घरी निघतात तेव्हा तुझं रिहॅबचं काम सुरू, म्हणजे दुखापतीतून सावरणाऱ्यांचे व्यायाम.

एसीएलचंच घे, म्हणजे गुडघ्याच्या आतला हाडांना जोडणारा पट्टा (लिगामेंट) तुटण्याचं. ऑपरेशननंतर साधारण ६ ते १२ आठवडे ग्राफ्ट, म्हणजे त्या जागी बसवलेला नवा पट्टा, सगळ्यात कच्चा असतो आणि नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखायचं थांबलेलं असतं, आणि खेळाडू विचारतो मॅडम पळू का. त्याला थांबवणं हेच खरं काम गं. ९ महिन्यांच्या आत मॅचला सोडत नाही, आणि ९ महिने झाले म्हणूनही सोडत नाही, मांडीची ताकद आणि एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरायला हवी. माझ्या एका पोरीची ९४ भरली, सगळे खूश, पण मी व्हिडिओ स्लो करून बघितला तर पाय टेकताना गुडघा आत वळत होता. अजून पाच आठवडे थांबवली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

प्रतिसाद २:
ताई बरोबर बोलल्यात. फक्त कोचच्या प्रेशरची तयारी ठेव. माझ्या पहिल्या टीममध्ये डोक्याला मार लागलेल्या पोराला त्याच मॅचमध्ये परत उतरव म्हणून मागे लागले होते, मी नाही म्हणालो, पुढच्या सीझनला मला बोलावलं नाही. आजही नाहीच म्हणेन, कन्कशनचा, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याचा, संशय जरी आला तरी त्या दिवशी खेळ बंद, यात चर्चाच नाही. आणि प्रत्येक निर्णय लिहून ठेव, तारखेसकट.

प्रतिसाद ३:
वाचन सोडू नकोस. १९७८ मध्ये ज्या डॉक्टरांनी राइस (दुखापतीवर आराम, बर्फ, दाबपट्टी आणि तो भाग उंच ठेवणं) हा शब्द रूढ केला त्यांनीच नंतर सांगितलं की बर्फाने बरं व्हायला उशीर लागू शकतो, आणि मैदानावर लोक अजून तासन्‌तास बर्फ लावून बसतात. स्ट्रेंथ ट्रेनिंग नीट शिक, नॉर्डिक (गुडघ्यावर बसून, घोटे धरून ठेवून हळूहळू पुढे झुकायचा व्यायाम) करून घेतल्याने हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंच्या, दुखापती जवळपास निम्म्यावर येतात, पण कंटाळलेल्या टीमकडून ते नियमित करून घेणं ही वेगळीच कला आहे.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. ताई, ती पोरगी नंतर खेळली का?

प्रतिसाद १:
खेळली ना. पहिल्या मॅचचा स्कोअर विचारशील तर सांगता येणार नाही, मी पूर्ण वेळ तिचा डावा गुडघा बघत होते.