मदत हवी आहे: कंपनी खरा कर किती भरते, कुठल्या आकड्यांवरून काढायचं?

प्राप्तिकर कायदा १९६१ (मार्च २०२६ पर्यंत लागू होता) च्या कलम ११५बीएएचा, म्हणजे बहुतेक सवलती सोडणाऱ्या देशी कंपन्यांसाठीचा, दर सगळे २२ टक्के सांगतात; १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून तो २५.१६८ होतो. प्रत्यक्षात किती भरला ते तपासायचंय. नफा-तोटा पत्रकातल्या करखर्चात डिफर्ड टॅक्स (हिशेबात धरलेला, पण प्रत्यक्षात पुढच्या वर्षांत भरायचा किंवा वाचणारा कर) मिसळलेला असतो, म्हणून कॅश फ्लोमधला निव्वळ भरलेला कर घेऊन पाच वर्षांची बेरीज करतेय. एकाच वर्षाचा आकडा जुन्या रिफंडमुळे फसवू शकतो. घोडं अडलंय ते छेदात, म्हणजे या कराला कुठल्या नफ्याने भागायचं त्यात. समूहाच्या एकत्रित नफा-तोटा पत्रकात असोसिएट कंपन्यांच्या (ज्यांत मोठा हिस्सा असतो, पण ताबा नसतो) नफ्यातला वाटा कर भरून झाल्यावरचा असतो. तो करपूर्व नफ्यात राहिला की दर उगाच कमी दिसतो, तेव्हा तो वगळलाय. पण परदेशी उपकंपन्यांचा नफा ठेवावा, की सरळ एकट्या मूळ कंपनीची स्वतंत्र आर्थिक पत्रकं घ्यावीत? तिथे लाभांशावरच्या कलम ८०एम वजावटीने (दुसऱ्या कंपनीकडून मिळालेला लाभांश पुढे भागधारकांना वाटला की मिळणारी) पुन्हा गोंधळ होतो. सीए मंडळी, तुम्ही काय धरता?