'मागच्या जन्मीचं काहीतरी असणार' हे सप्ताहात बोलावं का?

गोधडी
थोडं लांब होईल, सांभाळून घ्या. आमच्या गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह असतो, पहाटे काकडा, मग पारायण, दुपारी प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. माझं माहेर वारकरी, सासरही वारकरी, सातवीत असल्यापासून गळ्यात माळ आहे, तेव्हा मी बाहेरून बोलत नाहीये.

यंदा पाचव्या दिवशी माझी जाऊ तिच्या मुलाला घेऊन प्रवचनाला बसली होती. तो आठ वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. सातव्या महिन्यात जन्मला, पंचवीस दिवस काचेच्या पेटीत होता. आता मान धरतो, आधार दिला तर बसतो, टाळ वाजले की हसतो आणि मोठ्याने आवाज काढतो. महाराज संचित, प्रारब्ध, क्रियमाण (मागचं साठलेलं कर्म, त्यातलं आता भोगायला आलेलं, आणि आपण आता करतोय ते) यावर बोलत होते, छान समजावत होते आणि मध्येच त्यांनी याच्याकडे बोट केलं. म्हणाले, आता हे लेकरू बघा, या जन्मात याने काय पाप केलंय, काहीच नाही, मग हे भोग आले कुठून, मागूनच आले ना, आणि अशा घरात जन्म घ्यायचा म्हणजे आईबापाचंही काही देणं असणार.

मंडपात तीन-चारशे माणूस. बायका हळहळल्या, काहींनी हात जोडले. जाऊ उठली नाही, प्रवचन संपेपर्यंत पोराच्या पायावरची शाल नीट करत राहिली. घरी येऊन सगळ्यांचा स्वयंपाक केला, स्वतः जेवली नाही. रात्री मला एवढंच म्हणाली, पोटात असताना माझं कुठे चुकलं ते आठ वर्षं शोधतेय, आता मागच्या जन्मात कुठे शोधू.

सासरे म्हणतात महाराजांनी शास्त्रच सांगितलं, त्यात काय वाईट. सिद्धांत खरा का खोटा हे मी विचारत नाहीये. मला विचारायचंय की आपल्या मंडपात एखाद्याच्या लेकराकडे बोट करून हे बोलावं का?

भीमातीर
ताई, बोट दाखवणं चुकलं, त्याबद्दल दुमत नाही. पण आता इथे सगळे कर्मसिद्धांतावरच तुटून पडतील म्हणून आधीच लिहितो. कर्म बाजूला काढलं तर उरतं काय? मग देवाने मुद्दाम एका पोराला धडधाकट केलं आणि दुसऱ्याला असं केलं असं म्हणावं लागेल, म्हणजे देवच पक्षपाती आणि निर्दय ठरतो. ब्रह्मसूत्रात नेमकी हीच शंका घेतलीय, 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्', की ईश्वरावर भेदभावाचा आणि क्रूरपणाचा दोष येत नाही कारण तो प्रत्येकाच्या कर्माला धरून फळ देतो. हा विचार कुणाला दुखवायला केलेला नाही, जग नुसतं अंदाधुंद नाही एवढा आधार माणसाला मिळावा म्हणून आहे.

माझे वडील शेवटची चार वर्षं अर्धांगवायूने अंथरुणात होते. एकदाही कुरकुर केली नाही, म्हणायचे भोग आहे, भोगून संपवतो, पुढे घेऊन जात नाही. त्या एका शब्दावर त्यांनी ती चार वर्षं काढली, मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे कुणी याला अंधश्रद्धा म्हटलं की माझ्या जिवाला लागतं.

अबोली
एकनाथांनी काशीची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, रामेश्वराला न्यायचं पाणी होतं ते. गाढवाचं मागच्या जन्मीचं काय होतं असं विचारत बसले असते तर ते मेलंच असतं. ही गोष्ट सांगणारेच महाराज असं बोलतात याचं मला जास्त वाईट वाटतं.

भीमातीर
नाथांनाही कर्म मान्यच होतं हो ताई. कर्म मानणारा माणूस दया करत नाही हे कुठून काढलं? समोरच्याचं दुःख त्याच्या प्रारब्धाने आलं असलं तरी त्याला पाणी पाजायचं का नाही हे माझं क्रियमाण आहे, त्याचं फळ मला मिळणार. गीतेत बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना 'अद्वेष्टा सर्वभूतानां मैत्रः करुण एव च' इथून सुरुवात आहे. दोन्ही एकाच ग्रंथात आहे.

पायी_वारी
ग्रंथात आहे, मान्य, पण मंडपात यातलं किती पोचतं ते बघा. प्रारब्धावर पाऊण तास आणि करुणेवर शेवटची दोन मिनिटं, ती पण पसायदानाच्या घाईत, लोक उठून चपला शोधत असतात तेव्हा.

मला सारखी आळंदीची ती चार पोरं आठवतायत. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. संन्याशाची पोरं म्हणून गावाने वाळीत टाकलं, आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि सांगणारे सगळे शास्त्रच सांगत होते. बापाच्या कर्माचं फळ पोरांनी भोगायचं, असाच हिशोब होता ना तेव्हा? आज आपण त्याच ज्ञानोबांच्या पादुका पालखीत ठेवून अडीचशे किलोमीटर चालतो, आणि त्यांच्या नावाच्या मंडपात एका आईला तोच हिशोब ऐकवतो. पसायदानात त्यांनी मागितलं काय, तर खळांची व्यंकटी सांडो. वाकडेपणा जाऊ दे म्हणाले. ज्यांनी छळलं त्यांना त्यांचं फळ मिळू दे असं सहज मागता आलं असतं, त्यांनी ते मागितलं नाही.

भीमातीर
आणि तुकोबांचं काय? १६३० च्या आसपासच्या त्या दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, तरी ते म्हणतात 'बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली'. दुःखाने माणूस देवाकडे वळतो हे संतांनी स्वतः भोगून सांगितलंय, आपण घरी बसून ते चूक ठरवायचं का?

पायी_वारी
दादा, ते त्यांनी स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हटलं. दुष्काळात देहूतल्या दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊन 'बरं झालं तुझं पोर गेलं' म्हणाले का? कर्जाची खतं वाटणीत आली त्यातली आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत सोडली अशी आठवण सांगतात. पैसे देणं लागणारी माणसंही त्याच दुष्काळातून निघाली होती, त्यांचा हिशोब त्यांनी पाण्यात टाकला. तुमच्या वडिलांनी 'भोग' म्हटलं ते स्वतःला म्हटलं, म्हणून त्याला वजन आहे. तेच तुम्ही त्यांच्या उशाशी बसून म्हटलं असतं तर?

काजवा
पायी_वारी यांचं बरोबर वाटतं पण 'स्वतःला म्हटलं तर चालतं' हे सुद्धा मला पटत नाही, कारण मी उलट बघितलंय.

आईला कॅन्सर झाला तेव्हा मुंबईत टाटाला आणलं, दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत जागा मिळाली. आई दिवसभर काही बोलायची नाही आणि रात्री पाप शोधायची. लहानपणी पाळलेल्या मांजराला मारलं होतं ते, सासूशी एकदा उद्धट बोलली होती ते, मग हे पण पुरेना म्हणून मागचा जन्म. केमोने तोंड आलेलं, पाणी गिळवत नव्हतं आणि ती मला विचारायची, मी काय केलं असेल गं. तुमच्या वडिलांना तो शब्द आधार झाला, माझ्या आईला तो आतून खात होता, शब्द तोच.

तिला थोडं बरं वाटलं ते शेजारच्या खाटेवरच्या बाईमुळे. तीही पेशंटच, डोक्यावर केस नाहीत, तरी रोज मऊ भात कालवून आईला चमच्याने भरवायची आणि गावाकडच्या म्हशीच्या गोष्टी सांगायची. तिने कधी काही समजावलं नाही. गाडगेबाबांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या, देहू-आळंदीला बांधल्या, पण वाळवंटात कीर्तन करणाऱ्या या माणसाला मुंबईत दवाखान्याला आलेल्या गरिबाचे नातेवाईक फुटपाथवर झोपलेले दिसले, हे मला त्या दिवसांत फार जवळचं वाटायचं.

महाद्वार
आता मी बोलतो. मी चोखोबांच्या वाड्यातला आहे, समजायचं ते समजा.

'स्वतःपुरतं बोला' यावर सगळ्यांचं एकमत होत आलंय म्हणून लिहितोय. चोखोबांनी स्वतःपुरतंच म्हटलं होतं. अभंग आहे त्यांचा, मी मागच्या जन्मी नीळ नावाचा कुणी होतो, कृष्णाची निंदा घडली म्हणून महाराचा जन्म मिळाला, 'चोखा म्हणे विटाळ आम्हां पूर्वीचें हें फळ'. झालं काय त्याचं? जे त्यांनी जड जिवाने स्वतःला सांगितलं तेच पुढे सहाशे वर्षं आम्हाला ऐकवलं गेलं, की बघा तुमचे संतच म्हणतात. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून ते गेले, वेठीचं काम होतं. समाधी कुठे आहे तर पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळाच्या महाद्वारासमोर, पायरीच्या बाहेर. आणि आम्हाला त्या पायरीच्या आत जायला मिळावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावं लागलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं तरी देवळात कर्मसिद्धांत चालूच होता.

पण त्याच घरात दुसरा आवाज पण आहे आणि तो कुणी घेत नाही. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा. नावातच कर्म आहे बघा. तो बापासारखं मागच्या जन्मावर घेत नाही, सरळ विठ्ठलाला धरतो, 'आमुची केली हीन याती, तुज कां न कळे श्रीपती', आणि पुढे म्हणतो 'जन्म गेला उष्टें खातां, लाज न ये तुमचे चित्ता'. देवाला लाज वाटत नाही का असं विचारतोय, आणि तरी तो वारकरीच आहे, संप्रदायाने त्याचा अभंग फेकून दिला नाही, गाथेत ठेवला. म्हणून भीमातीर, तुमचं ते सूत्र देवाची बाजू मांडतं, ठीक आहे, कुणीतरी मांडायला हवी. या पोराची बाजू कर्ममेळ्याने मांडलीय. तुम्हाला मंडपात एकच बाजू का ऐकू येते?

विणेकरी
वय झालंय, टाईप करायला वेळ लागतो. चाळीस वर्षं वीणा धरतोय. महाद्वार, माउली, तुमचं दुःख खरं आहे पण सप्ताहात देवाशी भांडणारे अभंग घेतले तर भोळा माणूस गोंधळतो. लोक दिवसभर रानात राबून येतात, त्यांना धीर लागतो. कर्म आहे म्हणूनच माणूस वाईट करायला घाबरतो, ती भीती गेली तर गावात काय होईल याचाही विचार करा.

महाद्वार
बाबा, तुमच्या पाया पडून सांगतो, भोळा माणूस अजिबात गोंधळत नाही. माझी आजी निरक्षर होती, तिला कर्ममेळ्याचा तो अभंग तोंडपाठ होता आणि एकादशी कधी मोडली नाही. देवाशी भांडून तिचं विठ्ठलाशी जवळचं झालं होतं. आणि भीतीचं म्हणाल तर ज्यांनी आम्हाला पायरीवर अडवलं ते कर्माला घाबरले नाहीत, उलट त्यांना वाटायचं आपलं पुण्य आहे म्हणून आपण आत आहोत.

हातपाय
मी फिजिओथेरपिस्ट आहे, अशीच मुलं रोज बघते. धर्मातलं मला जास्त कळत नाही, पण 'भोग' या शब्दाने काय होतं ते सांगते. एका मुलीला तिची आजी आणायची, आणि मग वर्षभर आणलीच नाही, कारण कुणीतरी सांगितलं भोग संपल्याशिवाय ती चालणार नाही. पुन्हा आली तेव्हा टाचा इतक्या आखडल्या होत्या की पट्टा बसेना. आधी व्यायामाने जे झालं असतं त्यासाठी ऑपरेशन सांगावं लागलं. नशिबाला दोष देणाऱ्यांवर मी रागावत नाही, पण ताणायचे स्नायू रोज ताणावेच लागतात.

गोधडी ताई, जाऊबाईंना सांगा की खूप आधी जन्मलेल्या बाळांचा मेंदू नाजूक असतो, तिथे रक्तस्राव किंवा इजा होऊ शकते. पोटात असताना काय खाल्लं, कुठे गेले, कुणाला काय बोलले याचा शोध घेऊ नका म्हणावं. आणि दिव्यांग कार्ड काढलंय का? केंद्राची निरामय आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सीला लागू आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो.

भीमातीर
रात्रभर विचार केला. सिद्धांत मी सोडणार नाही, तो माझ्या वडिलांचा आहे. डॉक्टर सांगतील मेंदूला इजा झाली, पण याच पोराला का, याला उत्तर नाही त्यांच्याकडे, आणि आई तेच तर विचारतेय. मात्र काजवा यांनी लिहिलेलं वाचल्यावर एक गोष्ट मान्य करतो, की शेवटच्या वर्षी वडील रात्री जागे असायचे आणि मी कधी विचारलं नाही काय चाललंय मनात. भोग म्हणतायत म्हणजे शांत आहेत असं मी धरून चाललो. मलाही ते सोयीचं होतं. आता विचारता येणार नाही.

ताई, महाराजांशी कुणी बोललं का? मंडळींतून कुणी बोलणार नसेल तर मी बोलतो, माझी थोडी ओळख आहे कीर्तनकार मंडळींत. सगळ्यांसमोर नको, बाजूला घेऊन.

गोधडी
सगळं वाचलं. जाऊलाही वाचून दाखवलं, काल रात्री भाकऱ्या थापताना. काजवांचं ऐकताना ती रडली, मग म्हणाली तो देवाला लाज नाही का विचारणारा अभंग परत वाच. दोनदा वाचला. म्हणाली, हा कुणी कीर्तनाला घेतला तर मी बसेन.

भीमातीर, काल दीर जाऊन बोलले महाराजांशी. ते म्हणाले माझ्या मनात तसं नव्हतं. दीर म्हणाले मनात नव्हतं ते ठीक आहे, पण बोट तर केलंत. यावर ते गप्प बसले. सासरे अजून दिरांशी बोलत नाहीयेत.

आज काला आहे. जावेने पोराला पांढरा सदरा घातलाय, टोपी घातलीय, तो सकाळपासून ओरडतोय कारण माईकचा आवाज इथपर्यंत येतोय. बाकीच्या बायका म्हणाल्या मागे खुर्चीवर बसव, जाता-येता बरं. ती म्हणाली पुढेच बसते.

हातपाय ताई, कार्ड आहे आमच्याकडे. निरामयचा फॉर्म कुठे भरायचा तेवढं सांगा.