मुरगळलेला पाय आणि १०८ (आमच्या सोसायटीचा ग्रुप, राजारामपुरी)

सेक्रेटरी (ए-१०१): काल रात्री पावणेदहाला १०८ आलेली, कुणाकडं? वॉचमन म्हणतोय पेशंट बसलाच नाही, गाडी रिकामी गेली.

विश्वासकाका (बी-३०२): आमच्याकडं. जिन्यात पाय मुरगळला. सुजला लई, म्हणून पोरानं फोन लावला. गाडीतल्या डॉक्टरांनी बघितलं, बर्फ लावा, उद्या फोटो काढून घ्या म्हणाले.

अमोल (सी-२०४): काका, राग मानू नका, पण मुरगळल्या पायाला १०८? तेवढ्यात हायवेला कुणी पडलं असतं तर?

विश्वासकाका: साधं आहे का मोडलंय, हे मला कसं कळायचं? मी डॉक्टर आहे व्हय?

पाटीलमामा (बी-१०३): 🌹शुभ सकाळ, श्री अंबाबाई प्रसन्न🌹

सेक्रेटरी: मामा, साडेअकरा वाजलेत.

प्राजक्ता (ए-४०३): माझी बहीण वॉशिंग्टन डीसीला असते. तिथं एप्रिल २०१८ पासून ९११ च्या, म्हणजे तिकडच्या इमर्जन्सी नंबरच्या, कंट्रोल रूममध्येच नर्स बसतात. मुरगळणं, साधा ताप असले कॉल ऑपरेटर नर्सकडं देतो. ती विचारपूस करून कुठल्या दवाखान्यात जायचं ते ठरवून देते. काही जणांना तर जायला-यायला गाडीपण मिळते.

अमोल: हे बघा! हेच पाहिजे आपल्याकडं.

देसाईकाकू (सी-३०१): आणि नर्सनं फोनवर "काही नाही, घरीच बसा" म्हटलं न् खरंच अटॅक असला तर? आमच्या दिरांच्या वेळी पाहुणे जेवायला होते. तांबडा रस्सा भरपूर झालाय, पित्तच असणार म्हणून सगळे सोडा-लिंबू देत बसलो. दीड तास गेला. वाचले, पण ते देवाच्या कृपेनं.

नीलेश (बी-२०२): इंग्लंडात १९९८ ला सल्ल्याची लाईन काढली, तिथं नर्सच बोलायच्या. नंतर १११ नंबर आला. त्यात फोन घेणारे बहुतेक नर्स नाहीत, स्क्रीनवरचे प्रश्न वाचतात, लागलं तर पुढं नर्सकडं देतात. कॉम्प्युटर धोका पत्करत नाही, जरा शंका आली की ॲम्ब्युलन्स पाठवा म्हणतो, अशी तिथं ओरड होती.

माने सिस्टर (ए-२०२): आत्ता वाचलं. ३१ वर्षं कॅज्युअल्टीत काढलीत, म्हणून बोलते.

आपली १०८ जानेवारी २०१४ ला सुरू झाली तेव्हा अख्ख्या राज्याला ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ मोठ्या, सगळ्या सोयींच्या. गाडीत डॉक्टर असतो, हे आपल्याकडचं चांगलं. पण काल त्या डॉक्टरांनी दारात येऊन जे सांगितलं, ते तिकडं नर्स फोनवरच सांगते, आणि गाडी मोकळी राहते.

काकू, तुमची भीती खरी आहे. म्हणून नर्सकडं पहिला फोन जातच नाही. शुद्धीवर आहे का, श्वास नीट आहे का, छातीत दुखतंय का, हे आधी विचारतात. त्यात काही निघालं की थेट गाडी. उरलेले नर्सकडं. आणि तिला "येऊ नका" म्हणायला बसवलेलं नसतं. कुठं जायचं आणि किती वेळात, हे सांगायला बसवलेलं असतं.

फोनवर नाडी धरता येत नाही. कान तेवढाच हाताशी. मी असते तर पेशंटच्याच हातात फोन द्या म्हटलं असतं. एका दमात वाक्य पुरं होतंय का ऐकायचं. दोन शब्दांवर धाप लागली तर बाकीचे प्रश्न राहू देत, गाडी आधी. पित्त म्हणणाऱ्याला घाम सुटलाय का, जबडा-खांदा भरून आलाय का, शुगर आहे का, हे विचारायचंच. शुगरवाल्यांच्या आणि बायकांच्या छातीत दुखेलच असं नसतं. घरातले मात्र दर वेळी पित्तच म्हणतात.

विश्वासदादा, त्या पायावर चार पावलं टाकता येतात का?

विश्वासकाका: चार कुठली सिस्टर, टेकवला की डोळ्यांपुढं काजवे.

माने सिस्टर: घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला बोटानं दाबा. मांसावर नको, हाडावर.

विश्वासकाका: आई गं.

माने सिस्टर: मग एक्स-रे आजच काढा, संध्याकाळची वाट नको. १०८ लागत नाही, पण चालत जिना उतरू नका. पाय उशीवर वर ठेवा.

अमोल: म्हणजे काकांचं खरं होतं 😅

माने सिस्टर: अर्धं. दवाखाना लागत होता, ॲम्ब्युलन्स नव्हती.

देसाईकाकू: मग सिस्टर, आता आधी तुम्हालाच फोन करायचा का?

माने सिस्टर: अजिबात नको! मी दुपारी झोपते. छाती, श्वास, बेशुद्धी, अपघात, बाळंतपण असलं काही असलं तर मला विचारत बसू नका, सरळ १०८. एक वाक्य पाठ करून ठेवा, पत्ता आणि जवळची खूण. घाबरल्यावर आपलंच घर सांगता येत नाही.

सेक्रेटरी: खुणेवरून आठवलं. वॉचमन सांगतोय, काल १०८ ला गेटात वळताच आलं नाही. ड्रायव्हर रस्त्यावरच थांबला, डॉक्टर चालत आत आले. पांढरी स्विफ्ट कुणाची आहे, जी रोज गेटाला तिरकी लावलेली असते?

सेक्रेटरी: स्विफ्टवाले, मेसेज वाचलेला दिसतोय.

अमोल: माझीच हाय. काका, खुर्ची घेऊन वर येतो, दोघं मिळून खाली आणू तुम्हाला. फोटो काढून येऊ.