रेवदंड्याच्या खाडीत बुडालेली १८ फुटी फायबर होडी कशी वर काढावी? (खर्चाची मर्यादा ४०,००० रुपये)

खाडीकाठचा (धागाकर्ता)

परतीच्या पावसात काल रात्री आमची हौसेसाठी ठेवलेली १८ फुटी फायबर होडी कुंडलिकेच्या खाडीत, नांगरलेल्या जागीच बुडाली. मागे ४० अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे आणि ते बुडताना बंद होते. तळ चिखलाचा असून आज दुपारच्या ओहोटीला केवळ नाळेचे (पुढच्या निमुळत्या बाजूचे) टोक पाण्याबाहेर दिसत होते. मागची बाजू आणि इंजिन पूर्णपणे पाण्याखाली आहे. आज वद्य सप्तमी आहे. होडी वर काढणे, इंजिनाचे पुढे काय करावे हे ठरवणे आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून करायची व्यवस्था, हे सर्व ४०,००० रुपयांत बसवायचे आहे. विमा नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शीडवाला

मांडव्याला माझ्या ओळखीतल्या एका बोटीसाठी तराफ्यावरची क्रेन मागवली होती आणि काम अर्ध्या दिवसात झाले. खर्च अर्थातच तुम्ही लिहिलेल्या आकड्याच्या कितीतरी पुढे जातो, परंतु अशा कामात काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिनावर पैसे घालू नका. मी गेल्या वर्षी नवे फोर-स्ट्रोक घेतले आणि त्याचा आवाज इतका कमी आहे की शेजारी बसलेल्या माणसाशी सहज बोलता येते.

खाडीकाठचा

क्रेनचा विचार आकड्यामुळे शक्य नाही. नवे इंजिनही नाही.

तांडेलाचा नातू

क्रेन कशाला लागते? आमच्याकडे बुडालेली होडी दर्याच वर काढून देतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते, हे आमच्या आजोबांनी शिकवलेले गणित मुंबईपासून खाली रायगडाच्या किनाऱ्यापर्यंत आजही चालते. तुम्ही सप्तमी-अष्टमीच्या भांगात आहात. या दिवसांत पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्येच्या उधाणाला पाणी आजच्यापेक्षा बरेच खाली जाईल आणि नुसते नाळेचे टोक दिसते तिथे कदाचित अर्धी होडी उघडी पडेल. त्या वेळी तळाचे बूच घट्ट बसवून, बादल्यांनी आणि पंपाने पाणी उपसून टाकले की येणारी भरती तिला आपोआप उचलेल. आठ दिवस थांबा. पैसे फक्त माणसांच्या मजुरीचे आणि चहाचे लागतील.

मुळशीचा मावळा

आम्ही धरणाच्या पाण्यात बुडालेली १६ फुटी होडी काठावरच्या ट्रॅक्टरला दोर बांधून ओढली होती. दोर नाळेजवळच्या क्लीटला (दोर अडकवायच्या खुंटीला) बांधला होता आणि ट्रॅक्टरने पहिला झटका देताच ते क्लीट फायबरच्या तुकड्यासकट उपटून हवेत गेले. सुदैवाने कोणाला लागले नाही. त्यामुळे ट्रॅक्टर वापरावा, पण दोर क्लीटला बांधू नये.

हिशेबी

मुळशीचा मावळा यांनी सांगितलेला प्रसंग नेमका का घडला हे समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होते. फायबरग्लासची घनता पाण्याच्या साधारण दीडपट असते. त्यामुळे ४५० किलोचे कवच खाऱ्या पाण्याखाली असताना जेमतेम दीडशे किलोचे भरते आणि इंजिन धरले तरी एकूण वजन दोनशे-अडीचशे किलोंच्या पुढे जात नाही. मात्र तीच होडी आत पाणी तसेच ठेवून पृष्ठभागाच्या वर ओढू लागलात, तर आतले दोन-अडीच टन पाणीही तुम्ही उचलत असता. तिथे क्लीट तुटतात आणि कधीकधी ट्रान्सम, म्हणजे इंजिन बसते ती मागची आडवी फळी, फाटतो. म्हणून नियम एवढाच की होडीचा काठ पृष्ठभागापर्यंत आणायचा, तिथेच थांबायचे आणि आधी पाणी उपसायचे.

२०० लिटरचे एक रिकामे निळे पिंप स्वतःचे वजन वजा जाता १९० किलोंच्या आसपास उचलते. चार पिंपे पुरेशी आहेत. चिखलाची ओढ धरली तरी पुरतील. दोन पिंपे मागे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना आणि दोन मध्याच्या किंचित पुढे बांधावीत. ती क्लीटला न बांधता होडीच्या पोटाखालून ओवलेल्या रुंद पट्ट्यांना, ओहोटीच्या तळाशी, शक्य तितकी आखूड बांधावीत, म्हणजे भरतीचे पाणी चढू लागले की पहिल्या फुटापासूनच ती उचलू लागतात. होडी चिखलाला चिकटून बसली असेल तर तिला आडवी हेलकावत ठेवावी. सरळ वर ओढून चिखल सुटत नाही.

ऑकलंडकर

इकडे अशा कामासाठी हवेने फुगवायच्या पिशव्या भाड्याने मिळतात. पाणबुड्या त्या पोटाखाली बांधतो आणि सिलिंडरमधून हवा भरतो. तत्त्व पिंपांचेच, फक्त देखणे. मुळात होडी पाण्यात ठेवण्याऐवजी ट्रेलरवर घरी न्यावी, म्हणजे बुडण्याचा प्रश्नच उरत नाही.

तांडेलाचा नातू

ट्रेलर उतरवायला आमच्या गावाच्या धक्क्याला उतार कोणी बांधून देणार असेल तर कळवावे.

मांडवीकाठ

माझे गोव्यात आउटबोर्ड दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप आहे. होडीबद्दल वर पुरेसे लिहून झाले आहे. मी इंजिनाविषयी लिहितो, कारण वेळ तिथे महत्त्वाचा आहे. खाऱ्या पाण्यात बुडालेले इंजिन पाण्याखाली असेपर्यंत सावकाश खराब होते, पण बाहेर काढून हवा लागली की काही तासांत आतल्या बेअरिंगवर गंज धरू लागतो. त्यामुळे मेकॅनिक, हत्यारे आणि गोडे पाणी काठावर हजर नसेल तोवर इंजिन बाहेर काढू नका. काढल्यावर लगेच काम करता येणार नसेल तर ते गोड्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवा.

काम सुरू करताना आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवा, मग स्पार्क प्लग काढा, इंजिन प्लगची छिद्रे खाली येतील असे आडवे करा आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवून सिलिंडरमधले पाणी बाहेर येऊ द्या. फिरवताना कुठे अडकले तर जोर लावू नका. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आत वाळू गेली असेल तर इंजिन खोलण्यावाचून पर्याय नाही. मोकळे फिरले तर कार्बोरेटर उघडून रिकामा करा, प्लगच्या छिद्रांतून टू-स्ट्रोक तेल ओता, पुन्हा फिरवा, ताजे पेट्रोल-तेल मिश्रण घेऊन त्याच दिवशी सुरू करा आणि निदान अर्धा-पाऊण तास, अर्थात पाणी जोडून, चालू ठेवा म्हणजे आतली ओल निघून जाईल.

अमावास्येपर्यंत थांबण्याच्या सल्ल्याला माझा विरोध आहे. उधाण जसजसे जवळ येईल तसतशी ओहोटीला मागची बाजूही उघडी पडेल, म्हणजे इंजिन दिवसातून दोनदा हवेत आणि दोनदा खाऱ्या पाण्यात. त्याहून वाईट काही नाही.

शीडवाला

आत्ताच बाहेर काढलेले इंजिन पुन्हा पाण्यात बुडवायचे, हे ऐकायलाच विचित्र वाटते. फोर-स्ट्रोकला हे सगळे लागत नाही.

मांडवीकाठ

फोर-स्ट्रोकला हे सगळे लागतेच, शिवाय तळातले तेल दुधाळ दिसेनासे होईपर्यंत पुन्हा पुन्हा बदलावे लागते.

हौशी नाविक

वर अनेकांनी सांगितले आहे तेच पुन्हा सांगतो: पिंपे बांधावीत, भरतीची वाट पाहावी आणि इंजिन लवकर धुवावे. माझी होडी लाकडी आहे आणि ती अजून बुडालेली नाही. लाकूड ते लाकूड.

हिशेबी

लाकडी होडीही बुडते. लाकूड तरंगते म्हणून ती तळाला जात नाही, एवढेच. विषय बुडण्याच्या कारणाचा निघालाच आहे तर तेही पाहू. १८ फुटी होडीचे उघडे क्षेत्रफळ सुमारे १० चौरस मीटर धरले, तर १०० मिलिमीटर पावसात तिच्यात १,००० लिटर, म्हणजे एक टन पाणी पडते, आणि कोकणात असा दिवस ही काही नवलाई नव्हे. इंजिनाच्या वजनाने मागची बाजू आधीच खाली असते, पाणी मागे धावते, ट्रान्समचा कापलेला काठ पाण्याच्या पातळीला येतो आणि त्यानंतरचे काम पाच मिनिटांचे असते. तळाला भोक पडावे लागत नाही. अर्थात भोकही कमी नसते: पाण्याखाली एक फुटावर एक इंची बूच निघाले तर मिनिटाला ४० लिटरांच्या वर पाणी आत येते.

बिल्ज पंपावर (होडीच्या तळात साचलेले पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपावर) लिहिलेला आकडा नळी वर चढवल्यावर प्रत्यक्षात मिळत नाही. निम्मा धरून चाला. त्याहून वाईट म्हणजे ६० अँपिअर-अवरची बॅटरी तीन-चार अँपिअर घेणाऱ्या पंपाला सलग १५ ते २० तासच चालवते, तीही नवी आणि पूर्ण भरलेली असेल तर. तीन दिवसांच्या झडीत पंप दुसऱ्या दिवशी गप्प होतो. पाणी चढले की पंप आपोआप सुरू करणाऱ्या फ्लोट स्विचखाली एखादे पान किंवा प्लॅस्टिकचा कागद अडकला तर पहिल्याच दिवशी. म्हणून पंप असला तरी मध्ये आडवा बांबू घालून, उतार देऊन बांधलेली ताडपत्री त्याच्यापेक्षा भरवशाची असते. नळ्यांवरच्या होजक्लिप दुहेरी आणि ३१६ प्रतीच्या स्टेनलेसच्या घ्याव्यात. साध्या क्लिपा खाऱ्या हवेत वर चकचकीत दिसतात आणि स्क्रूच्या घरात गंजून तुटतात.

मुळशीचा मावळा

हिशेबी यांच्या यादीत ट्रान्सम राहिला. फायबरच्या आत प्लायवूड असते आणि बोल्टच्या छिद्रांतून पाणी शिरले की ते आतल्या आत कुजते. छोट्या हातोडीने वाजवून पाहावे. चांगल्या ठिकाणी टणक आवाज येतो, कुजलेल्या ठिकाणी भद्द. माझ्याकडे क्लीट उपटले ते खरे याच कारणाने, असे आता वाटते.

तांडेलाचा नातू

आणखी एक गोष्ट सगळे विसरले आहेत. बुडालेल्या जागेवर आजच्या आज बोया आणि त्यावर झेंडा लावा, रात्री दिवा लावता आला तर उत्तम. पहाटे मासेमारीला निघालेली होडी तिच्यावर चढली तर प्रकरण ४०,००० रुपयांत मिटणार नाही. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या बंदर निरीक्षकांना लेखी कळवा. पेट्रोलची सुटी टाकी सर्वांत आधी सोडवून काढा.

खाडीकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. बोया आणि झेंडा संध्याकाळीच लावला, पेट्रोलची टाकी काढून घेतली आणि बंदर निरीक्षकांच्या कार्यालयासाठी पत्र लिहून ठेवले आहे.

होडी परवा, नवमीला काढायची असे ठरले आहे. पाऊणपटीच्या गणिताने त्या दिवशी पूर्ण भरती पावणेसातला आणि ओहोटी दुपारी एकच्या सुमारास येते. अमावास्येला तीच ओहोटी पहाटे पाचच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येईल, म्हणजे पाण्यातले बरेचसे काम अंधारात. शिवाय भांगाला खाडीची ओढ कमी असते आणि पाण्यात बुडी मारून पट्टे ओवायला तयार झालेल्या गावातल्या दोघांनी हीच अट घातली आहे. चार पिंपे भाड्याने मिळत आहेत.

इंजिनाबाबत मात्र येथील कोणाचाही सल्ला मी पाळणार नाही. ते काठावर येताच गोड्या पाण्याच्या पिंपात घालून तालुक्याच्या मेकॅनिकला मिळेल त्या किमतीत देऊन टाकत आहे. तो हत्यारे घेऊन हजर राहील. होडीला वल्ही लावणार आहोत, कारण आमचे जाणे मासे धरायला खाडीतल्या खाडीतच असते. जून ते सप्टेंबर ती काठावर उलटी घालून ठेवायची, त्यामुळे बिल्ज पंपही घेत नाही.

मांडवीकाठ

एवढे सविस्तर लिहिण्यापूर्वी विचारले असते तर बरे झाले असते. निदान मेकॅनिकला सांगा की इंजिन बंद असताना बुडाले आहे. त्याने दोन पैसे जास्त मिळतील.

शीडवाला

१८ फुटी होडी भरतीच्या उलट वल्हवून पाहा, मग फोर-स्ट्रोकची किंमत विचारायला याल.

हिशेबी

नवमीचा निर्णय मला पटला, जरी मी स्वतः एकादशीपर्यंत थांबलो असतो. भरतीतील फरक त्या दिवशी कमी असल्याने होडी एका भरतीत काठाला येईलच असे नाही. तसे झाले तर तिला जितकी वर येईल तितकी उथळात ओढून ठेवा, पुढच्या ओहोटीला पिंपे पुन्हा आखूड बांधा आणि दुसरी भरती घ्या. पाणी उपसताना इंजिनाच्या जागी कापलेल्या काठावर फळी आणि ताडपत्री ठोकून घ्या, नाहीतर एकीकडून उपसाल आणि दुसरीकडून भरेल.

तांडेलाचा नातू

भाड्याची पिंपे घेण्यापूर्वी त्यांच्या बुचांचे रबरी वॉशर तपासा. चारही पिंपे आदल्या दिवशी पाण्यात दाबून धरा आणि बुडबुडे येतात का ते पाहा.

खाडीकाठचा

वॉशर पाहिले. दोन पिंपांना नाहीतच. उद्या सकाळी रेवदंड्याला जाऊन आणतो.