मदत हवी आहे: सीएनसीवर रांजणखळग्याचं पोट कोरलं जात नाही

दगडफूल:
दोन दिवस अडकलेय, लवकर सांगा. निघोजला कुकडी नदीच्या खडकात जे रांजणखळगे आहेत, त्यांच्यावरून शिल्प केलंय. तिथे भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरून बेसाल्ट आतून पोखरतात, तसं अरुंद तोंड आणि फुगलेलं पोट हवंय. साकीनाक्याला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या कोरीवकामाच्या मशीनवर, दोनदा कापून घेतलं, दोन्ही वेळा तोंडाखाली सरळ नळी! फाइलमध्ये पोट नीट दिसतं. काय चुकतंय?

सुतारपक्षी:
मटेरियल? साइज? मशीन किती अ‍ॅक्सिसचं, म्हणजे कटर किती दिशांनी हलतो?

मुपो_डोंबिवली:
थ्रीडी प्रिंट करा. मी गणपतीचं मखर केलं, एकदम सुबक आलं.

दगडफूल:
थर्माकोल, अडीच फूट. अ‍ॅक्सिस विचारलं नाही. कटर वरून खाली येतो.

सुतारपक्षी:
म्हणजे थ्री अ‍ॅक्सिस. फाइल बरोबर आहे, पण वरून येणारा कटर काठाच्या आत वळणार कसा? पोट सगळ्यात रुंद आहे तिथे मॉडेल आडवं कापा. खालचा तुकडा तसाच कोरायचा, वरचा उलटा ठेवून. दोन्हींत डॉवेलची (जोडखुंटीची) भोकं ठेवा, म्हणजे जोडताना सरकणार नाही.

मुपो_डोंबिवली:
प्रिंटमध्ये ही कटकटच नाही. तुकड्यांत काढायचं.

सुतारपक्षी:
पीएलए (थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक) ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. शिल्प उन्हात राहणार का, ते आधी कळू दे.

दगडफूल:
हो, सोसायटीच्या गेटपाशी. वरून पॉलिस्टर रेझिन आणि फायबर चढवणार, आणून ठेवलंय.

कोळीवाडा७:
ताई, थांबा! त्या रेझिनमधल्या स्टायरीनने थर्माकोल विरघळतो. माझा तीन फुटी पापलेट डोळ्यांदेखत खचला, शेपटीपासून सुरुवात झाली आणि दहा मिनिटांत नुसता चिकट लगदा. इपॉक्सी घ्या, आणि आधी एका तुकड्यावर लावून बघा.

हिंडफिरे:
निघोजला पावसाळ्यात काठाशी जाऊ नका, कुकडी भरलेली असते. बेसाल्टच बघायचा तर अंधेरीची गिल्बर्ट हिल आहे की.

सुतारपक्षी:
गिल्बर्ट हिलचे ते बेसाल्टचे खांब झिजून झालेले नाहीत. लाव्हा थंड होताना आकसला आणि तडकला, त्याचे आहेत. इथे त्यांचा काय संबंध?

दगडफूल:
इपॉक्सी उद्याच आणते. पण खळगे आठ आहेत आणि प्रत्येकाचं पोट वेगळ्या उंचीवर. आठ ठिकाणी कापू?

सुतारपक्षी:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! जवळपासच्या उंचीची पोटं थोडी वरखाली सरकवून एका रेषेत आणा, तीन कापांत बसेल. मधले थर दोन्ही बाजूंनी कोरून घ्यायचे. खळगे उभे आहेत की तिरके? तिरके असतील तर एवढ्याने भागणार नाही. बाजूने घेतलेला स्क्रीनशॉट टाका.